धरायला हनुवटी

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते, ती म्हणजे सरळ चेहरा अशी काही वस्तूच नसते. कुणाचा एक कान वर असतो, कुणाचं नाक कललेलं असतं, कुणाच्या दोन भुवयांचं आपसात बोलणं बंद असतं. आम्ही फ्रेमची एक काडी गपचूप वाकवतो. गिऱ्हाईक आरशात बघून ‘आता कसं बरोबर झालं’ म्हणतं. वाकड्यावर वाकडं बसवलं की सरळ दिसतं, या एका लबाडीवर आमचं दुकान चालतं.

त्यामुळे माझी नवी हनुवटी डावीकडे सरकली आहे हे सगळ्यात आधी आमच्या मालकांच्या लक्षात आलं, यात नवल नाही.

“इकडे बघ,” मालक म्हणाले.

मी बघितलं.

“तसं नाही, सरळ बघ.”

“सरळच बघतोय.”

“मग हनुवटी कुणाकडे बघतेय?”

जन्मतः मला हनुवटी नव्हतीच. म्हणजे खालचा ओठ संपला की थोडा वेळ काहीच नसायचं आणि मग एकदम गळा सुरू व्हायचा. शाळेत मला ‘उतार’ म्हणत. नाव चांगलं होतं, माझी तक्रार नाही. मोठा झाल्यावर पैसे साठवून मी ऑपरेशन करून घेतलं. ओठाच्या आतून चीर देऊन सिलिकॉनचा चंद्रकोरीसारखा तुकडा हाडावर बसवतात. लग्नासाठी का, असं वहिनीने विचारलं, मी हो म्हणालो. लग्न हे कुठल्याही प्रश्नाला चालणारं उत्तर आहे.

खरं कारण इतकं हास्यास्पद होतं की सांगायची सोय नव्हती.

लहानपणी शाळेत जायच्या वेळी आई आम्हा दोघा भावांना आरशासमोर उभं करून भांग पाडायची. आधी दादा. ती डाव्या हाताने त्याची हनुवटी धरायची, तोंड किंचित वर करायची, आणि ओला कंगवा कपाळापासून मागे न्यायची. दादा डोळे मिटून घ्यायचा. मग माझी पाळी. तिचा हात यायचा, हनुवटी शोधायचा आणि निसटायचा. ती हसायची. “तुझं मेल्या धरायचं तरी काय?” म्हणायची आणि कान धरायची. दादाला हनुवटी, मला कान. यात तिचा दोष नव्हता. ज्या भांड्याला दांडा नाही ते जमेल तिथे धरावं लागतं.

मी सातवीत असताना ती गेली. मग कानही सुटला.

आता मला हनुवटी होती. ती धरणारं कुणी नव्हतं, पण निदान माझ्या बाजूने तयारी पूर्ण होती.

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरीणबाईंनी माझा चेहरा दिव्याखाली धरला. म्हणजे धरला असावा, कारण ऑपरेशनपासून माझी हनुवटी बधिर होती. दाढी करताना कापलं तर रक्त बघून कळायचं, दुकानात जेवताना काही सांडलं तर मालक सांगायचे.

“जाणीव हळूहळू परत येईल,” त्या म्हणाल्या. “पण तुकडा सरकलाय. पालथे झोपता का?”

“उताणा झोपतो.”

त्यांनी पडद्यावर माझ्या जबड्याचं स्कॅनमधलं चित्र उघडलं. हाडावर पांढरट चंद्रकोर होती, डावीकडे कललेली. तिच्यावर खळगे होते. उजव्या टोकाला एक मोठा. डाव्या टोकाला चार लहान, एका ओळीत.

“हे बसवताना नव्हतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी चित्र मोठं केलं, मग लहान केलं. “झोपेत हनुवटी धरता वाटतं तुम्ही. घट्ट.”

“सिलिकॉनला खळगे पडतील इतकं घट्ट?”

“पडायला नको खरं तर.” मग त्या जरा हळू म्हणाल्या, “हात बांधून झोपून बघा.”

मी शेजारच्याचे क्रिकेटचे ग्लोव्हज मागून आणले. “कुठे खेळता?” त्याने विचारलं. “घरीच,” मी म्हणालो. महिनाभर मी सलामीच्या फलंदाजासारखा झोपलो. महिन्याने पुन्हा चित्र काढलं, तर खळगे आणखी खोल झाले होते.

“काढून नवीन बसवू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “या वेळी स्क्रूने. हलायची सोयच नको.”

मी तारीख घेतली. तिथपर्यंत मीही हेच धरून चाललो होतो की काम नीट झालेलं नाही आणि ते नीट करून घ्यायचं आहे.

त्यानंतरच्या एका सकाळी मी दुकानात जायला निघालो होतो. बेसिनवरच्या आरशासमोर उभा राहून केस ओले केले. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी गाडी धूत होतं आणि बादली फरशीवर घासल्याचा आवाज येत होता. मी कंगवा उचलला, आणि माझ्या हनुवटीला कुणीतरी हात लावला.

बधिर हनुवटीला. जिला ब्लेड कळत नव्हतं.

आरशात मी एकटाच होतो. पण चार बोटं आणि एक अंगठा मला स्पष्ट कळत होते. हात गार होता, नुकताच पाण्यातून काढल्यासारखा. त्याने माझं तोंड किंचित वर केलं, किंचित डावीकडे वळवलं आणि थांबला. वाट बघितल्यासारखा. मी कंगवा कपाळापासून मागे नेला. भांग इतका सरळ पडला की पट्टी ठेवून पाडल्यासारखा. मग हात सुटला.

मी दुकानात गेलो. दिवसभर लोकांची नाकं मोजली. मालक म्हणाले, “आज भांग कुणी पाडून दिला?”

त्यानंतर ते रोजचंच झालं. सकाळी केस ओले केले की हात यायचा. घाबरायला हवं होतं हे मला कळत होतं, आणि एकदोनदा मी मनापासून प्रयत्नही केला. पण घाबरलेल्या माणसाने दिवसातून तीनदा केस धुवायचे नसतात, आणि मी धुवत होतो. सर्दी झाली. शांपू संपला. हात दुपारी कधी आला नाही. आईला दुपारी कामं असायची.

शेवटी मी दादाला सांगितलं. दादा माझ्यापेक्षा मोठा, बँकेत नोकरी, हनुवटी देखणी, मध्ये छोटी खळी. डोक्यावर मात्र आता एकही केस नाही. निसर्ग एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने वरचं काढून घेतो.

तो चेष्टा करेल असं वाटलं होतं. त्याने हातातला चहा खाली ठेवला.

“कशी येते?” त्याने विचारलं.

“येत नाही. नुसता हात.”

“वास?”

“नाही.”

“बोलते?”

“दादा, हात आहे तो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला. बँकेचे कपडे, गळ्यात ओळखपत्र. मी केस ओले केले. हात आला, मी भांग पाडला, हात गेला. दादा स्टुलावर बसून माझ्या हनुवटीकडे बघत होता.

“दाबल्यासारखी दिसते खरी,” तो म्हणाला. मग उठून आरशासमोर आला. “सरक जरा.”

त्याने आपल्या चकचकीत डोक्यावर पाणी मारलं. माझा कंगवा घेतला. डोळे मिटले आणि हनुवटी पुढे केली.

मला हसू आलं नाही. एक पंचेचाळिशीचा माणूस ओल्या टकलावर कंगवा धरून उभा होता आणि पाण्याचे थेंब ओघळून त्याच्या कॉलरमध्ये जात होते. खालची बादली घासणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. दादा तसाच उभा होता.

“उशीर होईल तुला,” मी म्हणालो.

“हं.” त्याने टॉवेल घेतला. “तुझ्या वाटणीचं राहिलं होतं ना, म्हणून तुझ्याकडे येत असेल. माझं झालंय.” चपला घालताना म्हणाला, “ते ऑपरेशन रद्द कर.”

मी रद्द करायलाच गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी आधी नवं चित्र दाखवलं.

“हे खळगे बघू नका. त्याखालचं हाड बघा.”

हाड जिथे पांढरं असायला हवं तिथे करडं झालं होतं.

“तुकडा हाडात रुततोय. असाच दाब राहिला तर जबडा मोडेल. जांभई देतानासुद्धा मोडेल.” त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “खरं सांगा. काय करता तुम्ही याला?”

“भांग पाडतो,” मी म्हणालो.

त्यांनी तारीख अलीकडे घेतली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादा संध्याकाळी जेवण घेऊन आला. वहिनीने डबा भरून दिला होता आणि तो भरताना मदत करण्याच्या नादात दादाने उजव्या हाताचा अंगठा कापून घेतला होता. अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

“मदत केली म्हणून ओरडली,” तो म्हणाला. “रक्त डब्यात पडलं नाही, तेवढा विश्वास ठेव.”

आम्ही जेवलो. ऑपरेशनबद्दल कुणी बोललं नाही. मग दादाने हात धुतले आणि पाठमोराच म्हणाला, “उद्यानंतर नाही यायची ती.”

“स्क्रू असेल. सरकायचं नाही म्हणून काय झालं, धरता तर येईल.”

“बधिरपणा वाढला तर कळेल का?”

मी नव्या हनुवटीबद्दल डॉक्टरीणबाईंना सगळं विचारलं होतं, हे सोडून.

दादा माझ्यासमोर येऊन बसला. “आई चिमटीत धरायची,” तो म्हणाला. “म्हणजे बघ, अशी.” त्याने दोन बोटांनी माझी हनुवटी धरली, अंगठा पुढून आणि पहिलं बोट खालून. “बाकीची बोटं ती मिटून घ्यायची. हात ओला असायचा ना, शर्टाला लागू नये म्हणून. अशीच धरते ना?”

समोरच्या कपाटाच्या आरशात मला त्याची चिमूट दिसत होती. जाणवत काहीच नव्हतं, चिमूटही नाही आणि पट्टीही नाही. मला फक्त डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावरचे खळगे आठवत होते. उजवीकडे एक. डावीकडे चार.

आईने माझी हनुवटी कधी धरलीच नव्हती. ती कशी धरते हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

“सांग ना,” दादा म्हणाला. त्याची बोटं अजून तिथेच होती. “अशीच ना?”

“अशीच,” मी म्हणालो.

तो समाधानाने हसला. डबा घेऊन घरी गेला.

सकाळी काही खायचं-प्यायचं नव्हतं. दादा गाडी घेऊन न्यायला येणार होता. ऑपरेशनला जाणाऱ्या माणसाने भांग पाडून जाण्यात अर्थ नसतो, डोक्याला टोपी घालतात. तरी मी आरशासमोर उभा राहिलो.

ऊन आलं होतं. बादली घासत होती.

नळाखाली मी बराच वेळ नुसता हात धरला. केस ओले केले नाहीत तर प्रश्नच मिटत होता. खाली जायचं, गाडीत बसायचं, स्क्रू लावून यायचं. माझा धंदाच सरळ करण्याचा.

खाली दादाने हॉर्न वाजवला.

मी केस ओले केले.

काही झालं नाही. मी थांबलो. पाणी कपाळावरून भुवईत आलं, भुवईतून डोळ्यात. मी कंगवा हातात धरून हनुवटी पुढे केली, दादाने केली होती तशी, आणि डोळे मिटले. आता हात आला नाही तर बरं, असं मी मनात म्हणालो. ते खोटं होतं.

फोन वाजायला लागला. दवाखाना असणार, किंवा दादा.

मग हात आला. आज चार बोटं नव्हती.

चिमूट होती. अंगठा पुढून आणि पहिलं बोट खालून. बाकीची बोटं मिटलेली.

फोन थांबला. मी डोळे उघडले नाहीत. मान थोडी वर केली, धरायला सोपं जावं म्हणून. चिमूट घट्ट झाली आणि आत कुठेतरी हाड बारीक कुरकुरलं. मी कंगवा कपाळावर टेकवला.

अंगठा खरखरीत लागत होता. त्याला चिकटपट्टी होती.