पाऊल कुणी वाकवलं?

पोटातल्या बाळाचं पाऊल बाहेरून कुणी वाकवू शकतं का? सांगा पटकन! नाही ना येत? शाल्मलीलाही येत नव्हतं. म्हणून ती सकाळपासून दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. बसली की उठायची, दारापर्यंत जायची, परत फिरायची. आत आई होती आणि कालच जन्मलेला भाऊ. त्याचं उजवं पाऊल आत वळलेलं, तळवा थेट दुसऱ्या पायाकडे बघतोय!

"बाई, फरशी झिजेल माझी," भोपळा म्हणाला. भोपळा म्हणजे इथला नर्स-रोबो. डोकं गोल, चाकं तीन आणि तोंड भलतंच फाटकं. "भावाला बघायचं नाही? चावतो का?"

"गप रे! मीच केलंय ते." शाल्मलीला रडू फुटलं. "आत काय चाललंय ते ऐकायला मी आईच्या पोटावर डोकं दाबायचे. तेव्हाच मुडपलं असणार. आता हात लावला तर अजून मोडेल."

भोपळ्यानं कप्प्यातून पाण्यानं भरलेली पिशवी काढली. आत कच्चं अंडं.

"दाब डोकं."

"फुटेल!"

"दाब तर."

तिनं दाबलं. अंडं अलगद बाजूला सरकलं. आणि पिशवीचं बूच उडून पाणी तिच्या मानेवर!

"मुद्दाम केलंस!"

"थोडंसं. बाळही असंच गर्भजलात (पोटात बाळाभोवती असणाऱ्या पाण्यात) तरंगतं. ते पाणी फार कमी असलं तर पाऊल वळण्याची शक्यता वाढते. तुझ्या आईचं भरपूर होतं."

"अंडं म्हणजे बाळ नाही."

पोरगी पक्की होती! भोपळ्यानं डोकं खाजवलं. "बरं, डोकं कधीपासून दाबायचीस?"

"सातव्या महिन्यापासून."

त्यानं भिंतीवर सोनोग्राफीचं चित्र उमटवलं. "हे पाचव्या महिन्यातलं. पाऊल बघ."

पाऊल तेव्हाच वळलेलं होतं!

"म्हणजे आईला माहीत होतं? मला का नाही सांगितलं?"

"तू घाबरशील म्हणून."

"मग आत्ता काय मी नाचत होते?"

भोपळ्यानं घाईघाईनं भिंतीवरचं चित्र पुसलं.

"मग कुणामुळे झालं?"

"बहुतेक वेळा नेमकं कारण सापडतच नाही. याला क्लबफूट म्हणतात. हजार बाळांमध्ये साधारण एखाद-दुसऱ्याला असतो, मुलींपेक्षा मुलग्यांना दुप्पट. गरोदरपणी आई सिगरेट ओढत असेल तर शक्यता वाढते. घरात कुणाला असेल तरी वाढते, कारण जनुकं (शरीर कसं घडावं याच्या आईबाबांकडून आलेल्या सूचना)."

"बाबांना होता! पण कबड्डीत ते कुणाच्या हाती लागत नाहीत." ती थबकली. "म्हणजे चूक बाबांची?"

"जनुकं काय कुणी निवडून देतं? तुझं हे नाक तरी त्यांनी मुद्दाम दिलं का?"

"माझ्या नाकाला काय झालंय?"

"काही नाही, काही नाही! ऐक. डॉक्टर दर आठवड्याला पाऊल हलकेच थोडं सरळ करून प्लास्टर घालतील. मग बहुधा टाचेमागे एक छोटासा छेद, आणि काही वर्षं झोपताना खास बूट. बूट टाळले तर पाऊल पुन्हा वळू शकतं. तो पहारा तुझा."

शाल्मली आत घुसली.

"ये गं," आई म्हणाली, "केव्हाची वाट बघतोय आम्ही."

तिनं वाकून त्या पावलाला एक बोट लावलं. पाय झटकन वर आला आणि तिच्या नाकावर बसला.

"आई! यानं लाथ मारली मला!"

"कुठल्या पायानं?" दारातून भोपळा ओरडला.

"त्याच!"