आठ चित्रांचा उशीर

दुपारी चार वाजले की पद्मावतीबाई चौगुले नवऱ्याबरोबर पिनबॉल खेळायला बसायच्या. नवऱ्याला, म्हणजे श्रीपालना, जाऊन तीन वर्षं झाली होती, पण खेळात खंड नव्हता. इचलकरंजीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत टेबलाएवढा पडदा आडवा मांडलेला होता. पडद्यातला चेंडू गडगडत खाली यायचा आणि कडेची बटणं दाबली की दोन फळ्या उडून त्याला परत वर हाणायच्या. श्रीपाल सहा वर्षं रोज खेळले होते. तेवढ्या काळात यंत्राने त्यांच्या बोटांची सवय उचलली होती, कुठे दाबतात, कधी दाबतात, कुठे चुकतात, सगळी. या सवयीला हस्तछाप म्हणत, आणि श्रीपालच्या पाळीला आता तीच खेळायची. गेलेल्या माणसाच्या फोटोशेजारी त्याची हस्तछापही ठेवायची, असा आता रिवाजच पडला होता.

हरेल त्याने चहा करायचा, हा या घरातला नियम. सहा वर्षं चहा श्रीपालनीच केला. जन्मभर यंत्रमाग दुरुस्त केलेला माणूस, मागाची खोट नुसत्या आवाजावरून सांगणारा, पण पिनबॉलमध्ये बायकोपुढे अगदीच ढ. हे भावकीत सांगून सांगून बाईंनी सगळ्यांचे कान किटवले होते. आता चहा त्याच करायच्या, पण जिंकायच्या मात्र रोज. दिवसभरात त्यांचं बोलणं व्हायचं ते खेळतानाच, तेही पडद्याशी.

मोतीबिंदू काढल्यावर नवीच पंचाईत झाली. स्वच्छ दिसायला लागलं, तसा चेंडू धक्के खात येतोय हेही दिसायला लागलं. पडदा दुरुस्त करणाऱ्या निलोफर मोमीनला त्यांनी बोलावून घेतलं. दोन पोरांची आई, बोलायला मोकळी.

"काकू, हा सेकंदाला साठच चित्रं दाखवतोय," निलोफर म्हणाली. "चित्रगती वाढवून दोनशे चाळीस करते. तेल घातल्यासारखा पळेल बघा चेंडू."

"कर की. ह्यांना काही होणार नाही ना?"

"काकांना काय होतंय?"

चेंडू खरंच झोकात पळाला. बाईंनी भरपूर गुण मिळवले. मग श्रीपालचा डाव सुरू झाला तो संपेचना. एकही चेंडू निसटत नव्हता. बाई हरल्या. पुन्हा खेळल्या, पुन्हा हरल्या.

"ह्यांचा खेळ असा नाही," बाई निलोफरला म्हणाल्या. "काय केलंस तू ह्यांचं? होते तेवढे तरी मला राहू द्यायचे होतेस."

निलोफर घाबरली. तिने हस्तछाप उघडली आणि बराच वेळ आकडे बघत राहिली.

"काकू, काकांचा हात कच्चा नव्हता. चेंडू फळीवर आला की ते नेमके दाबतात. फक्त तुमच्या गुणांना गाठायला आले की आठ चित्रं थांबून दाबतात. जुन्या गतीला तेवढ्यात चेंडू निसटायचा. आता आठ चित्रं चौपट लवकर संपतात, म्हणून फटका बसतोय. हा उशीर यंत्राने सेकंदात मोजायला हवा होता, तो चित्रांत मोजलाय. मी आधी बघायला हवं होतं."

"म्हणजे मुद्दाम थांबायचे? रोज?"

"सहा वर्षं. एकही दिवस चुकलेला नाही."

बाईंना आधी राग आला. मला काय लहान पोर समजत होते? भावकीत मी एवढा तोरा मिरवत होते आणि हे शेजारी बसून गालात हसत असतील. मग राग ओसरला आणि रडू फुटलं. ज्याला भांडून जाब विचारायचा, तो माणूसच घरात नव्हता. तीन वर्षांत इतकं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"आठाचे बत्तीस करते," निलोफर हळूच म्हणाली. "काका पुन्हा हरतील, आणि चेंडूही नीट पळेल."

"नको. खेळू दे त्यांना."

तिसऱ्या डावात बाईंनी पहिली पाळी श्रीपालना दिली. मग बाई खेळल्या, डोळे पुसत, पण जीव लावून. श्रीपालना गाठायला थोडेच गुण उरले असताना चेंडू बाईंच्या फळीवर अगदी अलगद आला. त्यांनी तो स्पष्ट पाहिला. बोट बटणावर होतं. त्यांनी दाबलं नाही.

"काकू, सोडलात तुम्ही," निलोफर म्हणाली. "यंत्र तुमचीही छाप उचलतंय बरं का."

पद्मावतीबाईंनी बटणावरचं बोट उचललं.

"मग पोरी, मी गेल्यावर आमच्या दोन्ही छापा समोरासमोर बसवल्या, तर हे माझ्यासाठी थांबणार आणि मी ह्यांच्यासाठी. त्यातून जिंकणार कोण गं?"