आवाज न काढता

मेहरूण तलावाकाठच्या देवळात शालिग्रामबुवांचं कीर्तन रंगलं होतं. पेटीवर त्यांची लेक लिला. पूर्वरंग लांबला तशी ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली, ‘बाबा, आवरा... पायाला मुंग्या आल्या.’

आवाज मुळीच काढला नव्हता. तरी शेवटच्या ओळीतला एक तरुण खुदकन हसला.

प्रसाद घेताना तो समोर आला. “मुंग्या गेल्या का?”

“तुम्ही... ऐकलंत?”

“वाचलं. मिलच्या साचेखात्यात होतो, कापड विणायच्या मागांवर. साच्यांच्या खडखडाटात कानांचा काय उपयोग? सगळं ओठांवरून.”

त्याचं नाव पितांबर. मिल बंद पडून वर्ष होत आलं होतं. भोंगा गेला, गेटवरच्या चहाच्या टपऱ्या गेल्या. रिकामे कामगार संध्याकाळी कीर्तनाला येऊन मागे बसत. देवाची ओढ होतीच. घरी बसवत नव्हतं, हेही होतं.

मग लिलाला खोडच लागली. आख्यान चालू असताना ती ओठ हलवी, ‘आज सदरा नवा वाटतं?’ तो मान हलवून नाही म्हणे. कधी ती मुद्दाम पदर तोंडावर ओढी, की दुसऱ्या दिवशी तलावाच्या पायरीवर तक्रार ठरलेली.

“पदर नका हो धरू. वाचता येत नाही.”

“सगळंच कशाला वाचायचं?”

तिथेच त्याने तिला मिलमधली एक खूण शिकवली. दोन्ही हातांच्या चिमट्या जवळ आणायच्या, जरा पीळ द्यायचा. “म्हणजे धागा सांधला. साचा चालू कर.”

शेवटची ओळ मात्र विरळ होत चालली. कोणी भिवंडीला गेलं, कोणी सुरतेला. एके दिवशी पितांबर बोरं निवडत खाली बघून म्हणाला, “मामाने सुरतेला बोलावलंय. उद्या संध्याकाळी कीर्तन ऐकतो, परवा पहाटेची गाडी.”

“बरं,” लिला म्हणाली. पदर तोंडावर होता.

दुसऱ्या दिवशी गजर टिपेला पोहोचला. टाळ, मृदंग, टाळ्या. बुवांचे डोळे मिटलेले. इतक्या कल्लोळात कोणाला काय ऐकू येणार... लिलाने पदर खाली केला, त्याच्याकडे सरळ बघितलं आणि एकेक अक्षर सोडवून ओठ हलवले. ‘जायचं तर जा. पण मला न्यायला या.’

शेवटच्या ओळीतले टाळ एकदम थांबले.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. ती अख्खी ओळ साचेखात्याची होती.

सगळ्या माना पितांबरकडे वळल्या. तो कानापर्यंत लाल. शेजारच्या झुलालनानांनी, त्याच्या मिलमधल्या जुन्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, कोपर मारलं. “पोऱ्या, देखस काय? जबाब दी टाक.”

पितांबरने हात वर केले. चिमटी चिमटीजवळ आणली आणि जरा पीळ दिला.

मग नानांनी लिलाकडे बघून, शिकाऊ पोराला सांगावं तसे, अगदी सावकाश ओठ हलवले. टाळ पुन्हा सुरू झाले, जास्तच जोरात.

कीर्तन आटोपल्यावर बुवा घाम पुसत म्हणाले, “आज गजर काय लागला, लिले. मागची ओळ तर नुसती हसत होती. पांडुरंगाची कृपा.”

“हो बाबा,” तिने पेटीचा भाता मिटला. “उद्या झुलालनाना आपल्याकडे यायचेत. मागणी घेऊन.”

“असं? मला नाही बोलले. तुला कधी म्हणाले?”

“गजरात,” लिला म्हणाली.