पिवळ्या कागदावरचं मत

पाऊस चुकवायला डेलिया क्विन छापखान्याच्या पडवीत शिरली आणि दारातून बाहेर येणाऱ्या माणसावर नेमकी आदळली. तिच्या हातातली, शर्टाला वेगळ्या लावायच्या इस्त्री केलेल्या कॉलरांची चळत निसटली. त्याने ती वरच्यावर झेलली खरी, पण वरच्या कॉलरवर शाईची पाच बोटं उमटली.

"झालं समाधान? सकाळपासून राबतेय मी यावर!"

"तुम्हीच येऊन आदळलात की..."

"हात धुवायची पद्धत नाही वाटतं तुमच्यात?"

"छपाईचे खिळे जुळवणाऱ्याचे हात थेट त्याच्या लग्नात धुतात," तो म्हणाला. "अजून योग आला नाही."

त्याचं नाव योनास ब्राउर. पुढचा आठवडाभर अमेरिकेतल्या ट्रॉय गावात पावसाचा थेंब पडला नाही, तरी डेलिया रोज दुपारच्या सुटीत त्याच पडवीत आडोशाला उभी राहायची. योनासनेही कधी आभाळाकडे बोट दाखवलं नाही.

ते १८८६ साल होतं, निवडणूक तोंडावर आली होती. तेव्हा मताच्या चिठ्ठ्या सरकार छापत नसे. ज्याने त्याने आपापल्या छापायच्या आणि मतदारांच्या हातात द्यायच्या. मालकांच्या पक्षाची पिवळी, कामगारांची पांढरी. दोन्ही योनासच छापायचा. मतपेटीशेजारी कॉलर कारखान्याचे प्रॅट साहेब मिशी कुरवाळत उभे राहत. पांढरा कागद पेटीत पडताना दिसला की त्या माणसाचं काम गेलंच.

"तेरा तास उभी असते मी इस्त्रीपाशी," डेलिया म्हणाली. "आमचा माणूस निवडून आला, तर दहा तासांचा कायदा आणीन म्हणतो. मी बाई, मला मत नाही, आणि ज्यांना आहे ते प्रॅटची मिशी दिसली की पिवळी टाकून मोकळे! मी म्हणते, आपली चिठ्ठी पांढरीच हवी असं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही..."

"मग?"

"छापखान्याच्या मालकाला कळलं तर हाकलेल मला. गावातला दुसरा कुणी दारातही उभं करणार नाही."

डेलिया जायला वळली. "राहू दे. मी आपलं – सहज म्हटलं."

"तुझं सहज म्हणणं फार महागात पडणार मला," तो हसला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मतदानाच्या दिवशी पेटीत दिवसभर पिवळे कागद पडत राहिले. प्रॅट साहेब खुशीत होते. संध्याकाळी चिठ्ठ्या उघडल्या आणि कामगारांचा माणूस एकेचाळीस मतांनी निवडून आला. योनासने कामगारांची चिठ्ठीही पिवळ्या कागदावर छापून प्रॅट साहेबांच्या हातावर तुरी दिली होती.

तिसऱ्या दिवशी छापखान्यातला पिवळा कागद कमी भरला. योनासला काढलं.

दुपारी तो पिशवी घेऊन कारखान्यावरून निघाला. फाटकात प्रॅट साहेब उभे, रस्त्यावर डेलिया. तिने हसून पाहिलं. तो मान खाली घालून, ओळखही न दाखवता पुढे गेला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली... आणि मग लक्षात आलं. छापखान्यात ये-जा कुणाची होती, हेच तर प्रॅट शोधत होते. तिचं काम वाचावं म्हणून तो तिला परकी करून निघाला होता. आपलं या माणसावर प्रेम आहे, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं. वेळ अगदीच गैरसोयीची होती.

"योनास!"

"आत जा. तो बघतोय."

"बघू दे. आठवडाभर तुझ्या जिभेवर येऊन परत जातंय, ते विचारणार आहेस की नाही?"

त्याने पिशवी खाली ठेवली. "लग्न करशील माझ्याशी? – पण इथे बोलू नकोस. मी आल्बनीला चाललोय, तिथे पत्र टाक. कुणाला कळायला नको."

"आमच्या कामगार संघटनेत बायकांनाही मत आहे," डेलिया म्हणाली, "आणि ते आम्ही असं देतो." प्रॅट साहेबांकडे तोंड करून तिने उजवा हात सरळ वर केला.

वरच्या खिडकीत इस्त्रीवाल्या पोरी दाटल्या होत्या. त्यातून एक हात वर आला. मग दुसरा.

प्रॅट साहेबांनी मोजायला सुरुवात केली. अकराव्या हातापाशी त्यांनी नाद सोडला आणि ते आत गेले.