चर्चा करावी

उद्योग सचिव हेमांगी धारप यांना हल्ली विचार करावा लागत नसे. तो त्यांच्यासाठी 'अग्रदर्शी' करत असे. पन्नास वर्षांतल्या सरकारी फायलींवरचे शेरे वाचून शिकलेले हे यंत्र, कुठल्या कारखान्यामागे सरकारने उभे राहायचे ते क्षणात सांगे. सचिवांनी पडद्यावर अंगठा टेकवला की झाले. देशाचे उद्योग घडवणारी साहेबमंडळी इतकी निवांत कधीच नव्हती.

आज मात्र समोर शिरोलीचे फाउंड्रीवाले रशीद मुजावर बसले होते. त्यांनी टेबलावर एक काळा ठोकळा ठेवला, तशी शेजारची स्टीलची पेनदाणी टणकन त्याला जाऊन चिकटली.

"लोखंड आणि हवेतला नायट्रोजन, बास! परदेशी खनिज चिमूटभर बी न्हाई," मुजावर म्हणाले. "विजेच्या बसच्या मोटारींना लागतंय तसलं चुंबक हाय हे. तुमच्या यंत्रानं दोनदा नापास केलं. आज बी न्हाई म्हटलं तर काम भायेरच्या देशात जातंय आणि माझी भट्टी थंड. साठ माणसं हायत तिच्यावर, म्याडम."

हेमांगीबाईंनी यंत्राला कारण विचारले.

"पूर्वानुभव," अग्रदर्शी म्हणाला. "याच फाउंड्रीचा प्रस्ताव बावीस वर्षांपूर्वी आला होता. त्यावर शेरा आहे : 'क्षमता शंकास्पद. चर्चा करावी.' असा शेरा पडलेल्या बहुतेक फायली पुन्हा वर आल्या नाहीत. म्हणून या शेऱ्याचा अर्थ नकार, असे मी शिकलो."

पडद्यावर शेऱ्याखालची सही उमटली. ती हेमांगीबाईंचीच होती, त्या उपसचिव असतानाची.

"तेव्हा कोण आलं होतं?" त्यांनी हळूच विचारले.

"आमचे अब्बा. तीन दिवस भायेर बाकड्यावर बसून होते, चर्चेला बोलावतील म्हणून."

ती फाउंड्री हेमांगीबाईंनी पाहिलीही नव्हती. नसती जबाबदारी अंगावर नको म्हणून शेरा मारून त्या चहाला गेल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि आपली टाळाटाळ शहाणपण म्हणून पाठ करणाऱ्या यंत्राचा संतापही आला.

त्यांनी खणातून हिरव्या शाईचे पेन काढले. सचिवाच्या हातचा शेरा नियमाने अजून यंत्राच्या वर होता; यंत्र आल्यापासूनच्या सहा वर्षांत तो कुणी लिहिला नव्हता, इतकेच.

"आपण शिफारशीविरुद्ध जात आहात," अग्रदर्शीने बजावले. "फसल्यास जबाबदारी व्यक्तिशः आपली."

"मग ही खुर्ची कशाला दिलीय मला?" असे म्हणत त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिले : 'चर्चा झाली. चुंबक पाहिले. मंजूर.'

मुजावरांनी डोळे पुसले.

"ही नोंद अपवाद म्हणून बाजूला ठेवू, की हिच्यावरून शिकू?" यंत्राने विचारले.

"शीक," असे म्हणता म्हणता हेमांगीबाई थबकल्या. उद्या याच खुर्चीत बसून, याच शाईने कुणी आपल्या मेव्हण्याला कारखाना बहाल केला तर?

"शीक," त्या पुन्हा म्हणाल्या, "पण आधी एक सांग. लिहिणाऱ्याने चुंबक खरंच पाहिलं होतं की नाही, हे तुला कसं कळणार?"