मागे थोडी जागा

तू तिकडे गेल्यावर भाड्याने मोटरसायकल घेणारच आहेस, मग आधी माझं ऐकून घे. भाची आहेस म्हणून सांगते, एरवी हे मी कुणाकडे बोलत नाही. आणि तो दिवा राहू दे चालू.

माझं काम तुला माहीत आहे. परदेशात फिरायला जाऊन हातपाय मोडून घेणाऱ्यांचे विम्याचे क्लेम तपासायचे. हेल्मेट नव्हतं, नामंजूर. लायसन्स नव्हतं, नामंजूर. त्यामुळे आमच्या सहलीत एका डोंगरातल्या गावात तुझ्या काकांना मोटरसायकल भाड्याने घ्यायची लहर आली, तेव्हा मी दुकानदाराच्या नाकी नऊ आणले. ब्रेक दाबून पाहिले, टायर पाहिले, आपल्या विम्यात दुचाकी धरली आहे ना ते तिथेच उभी राहून पुन्हा वाचलं. हेल्मेटचा पट्टाही काकांच्या हनुवटीखाली मीच आवळला. "लग्नातसुद्धा एवढं घट्ट बांधलं नव्हतंस," काका म्हणाले. लायसन्स त्यांचं होतं. मला स्कूटर येते, गिअरची गाडीही थोडीफार येते, पण तिचं लायसन्स तेव्हा माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी मागे.

जाताना लख्ख ऊन होतं. परतताना दुपार कलली आणि दरीतून धुकं वर आलं. एका वळणावर खडी पसरलेली होती. काही कळायच्या आत आम्ही आडवे. मला नुसतं खरचटलं. काकांचं हेल्मेट दगडावर आपटून चिरलं, पण डोकं शाबूत राहिलं. मांडी मात्र फाटली होती. रक्त थांबेना. ओढणी करकचून बांधली, तीही भिजली.

विम्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी धीर देत होती. अँब्युलन्स निघाली आहे, धुक्यामुळे किती वेळ लागेल सांगता येत नाही, तुम्ही तिथेच थांबा. आणि मी थांबले.

आता हे नीट ऐक. गाडी चालण्यासारखी होती. खाली गावात हॉस्पिटल होतं, रस्ता उताराचा होता. आणि मी रस्त्याच्या कडेला बसून विचार करत होते की लायसन्स नसताना मी गाडी चालवली तर विमा हातचा जाईल. नवऱ्याचं रक्त वाहतंय आणि बाईच्या डोक्यात नियम. हसू नकोस, दुसरी कुठलीही बायको अशी बसून राहिली नसती.

धुकं इतकं दाटलं की काकांचे बूट दिसेनात. पेट्रोलचा आणि ओल्या मातीचा वास येत होता. पाखराचा आवाज नाही, पानाचा नाही. मग मागे काहीतरी करकरलं. गाडी स्टँडवर लावताना होतो ना, तसा आवाज. मी वळून पाहिलं. आडवी पडलेली गाडी उभी होती.

मी तिला हात लावला नव्हता. काकांना तर उठताही येत नव्हतं.

"कोण आहे?..." मी धुक्यात विचारलं.

काका माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. "चल," ते म्हणाले. "ती थांबलीय..."

"कोण?"

"ती बाई... मी मागे बसते म्हणतेय."

खरं सांगू, भीतीनेच मला उठवलं. विमा गेला चुलीत, म्हटलं. काकांच्या बगलेत हात घालून त्यांना उचललं. तुला माहीत आहे काका केवढे धिप्पाड आहेत, पण ते मला जडच लागले नाहीत. त्यांना मागे बसवलं आणि मी पुढे बसले. गाडी जराशी दबली. मग आणखी एकदा दबली, मागून कुणी येऊन बसल्यावर दबते तशी.

पहिल्या गिअरमध्ये उतरायला लागले. वाटेत काकांची शुद्ध हरपली. डोकं माझ्या पाठीवर आदळलं, कमरेभोवतीचे हात सुटले. बेशुद्ध माणूस मागच्या सीटवर टिकत नाही, अशा कितीतरी फायली माझ्या हाताखालून गेल्यात. काका टिकले. कुणीतरी त्यांना माझ्या पाठीशी घट्ट धरून ठेवलं होतं. त्या बोटांची टोकं माझ्या बरगड्यांना लागत होती, आणि ती गार होती. मी आरशात पाहिलं नाही.

हॉस्पिटलच्या दारात नर्स धावत आल्या. रक्त चढवलं, टाके घातले. वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाले. मी तिथल्या बाकावर बसून मनसोक्त रडले. सुटल्यासारखं वाटलं. क्लेमचं विचारशील, तर तो मंजूर झाला. पडलो तेव्हा गाडी लायसन्सवाल्याच्या हातात होती ना. सगळा जन्म ह्यात गेला आणि एवढा साधा मुद्दा मला त्या वळणावर सुचला नव्हता.

तेव्हा तू खुशाल गाडी घे. विमा काढ, पट्टा आवळ, धुकं उतरलं की थांब, आणि जिवावर बेतलं तर माझ्यासारखी नियम आठवत बसू नकोस. काका बघ, लंगडत का होईना चालतात, सकाळचा चहा करतात, माझी टिंगल करतात. मला आणखी काही नको. गिअरचं लायसन्सही मी काढलं. आता गाडी मी चालवते आणि काका मागे बसतात.

परवा भाजी आणायला निघालो होतो. सिग्नलला ट्रॅफिक हवालदाराने अडवलं. मी ऐटीत लायसन्स काढलं, पण त्याने ते घेतलंच नाही.

"एक तर ट्रिपल सीट," तो म्हणाला. "त्यात मागच्या बाईंना हेल्मेट नाही."

मी काकांकडे वळून पाहिलं. ते माझ्या कानाशी वाकले.

"मी रोजच थोडी जागा सोडतो," ते हळूच म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी तिसरं हेल्मेट विकत आणलं. ते दारामागे टांगलेलं असतं, आमच्यातलं कुणी घालत नाही. बाहेरून आलो की मी त्यात हात घालून बघते. आतून ते कोमट असतं.