दीड गिगाहर्ट्झ

फोन दुरुस्तीत तिची अठरा वर्षं गेली होती. आई जाऊन दीड महिना झाला होता. घरात आता ती आणि वडील, आणि दोघांचं बोलणं जेवणापुरतं.

वडिलांचा फोन फारच मंदावला होता. आईचा एक फोटो उघडायचा तर अर्धं मिनिट ताटकळायचं.

"जरा पळेल असं कर गं याला."

तिने प्रोसेसरचा वेग दीड गिगाहर्ट्झवरून दोनवर नेला. "बाबा, गरम होईल हं. बॅटरी भराभर उतरेल. आयुष्यही कमी होतं."

"होऊ दे. वाट बघायचा कंटाळा आलाय."

फोन पळू लागला. वडील तो दिवसभर हातात धरून बसत.

चौथ्या दिवशी त्यांची सकाळी केलेली दाढी दुपारी पुन्हा खरखरीत झाली. आठवड्याने कापायची नखं एक दिवसाआड कापावी लागू लागली. बोलताना शब्द एकमेकांवर चढत होते. डॉक्टरांनी तपासलं. "नाडी जरा जलद आहे, बाकी ठणठणीत."

"अजून वाढव," वडील म्हणाले.

नाही म्हणायचंही त्राण तिच्यात नव्हतं. तिने दोन पॉइंट सहा केलं.

सोमवारी तिने न्याहारी वाढली, तेव्हा त्यांचे केस पांढरेशुभ्र होते. "आज गुरुवार ना?" त्यांनी विचारलं. उत्तर येण्याआधीच ते बसल्या जागी झोपले, उठले, पुन्हा झोपले.

तिचा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. तरी चहाचा कप त्यांच्या हातात देऊन तिने फोन काढून घेतला आणि वेग खाली ओढला. अगदी तळाला.

कप ओठांकडे निघाला होता. तो वाटेतच थांबला.

तिने मनगट धरलं. एक ठोका लागला. ती बोट न हलवता बसून राहिली. चहावर साय धरली.

दुसरा ठोका पाऊण तासाने पडला.

म्हणजे ते होते.

हात भाजेल म्हणून तिने कप काढून घेतला, पण तो कधीच निवला होता. वडिलांची बुबुळं तिच्याकडे वळत होती, तासकाट्यासारखी.

पुन्हा दीडवर आणावं, असं तिच्या मनात आलं. बोट पडद्यापर्यंत गेलंही.

पण दीडवर माणसं मरतात. आई दीडवरच गेली.

असे बाबा तिला जन्मभर पुरले असते. तिला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. तिने फोन चार्जरला लावला, नवा पासवर्ड घातला आणि त्यांच्या पायांवर चादर ओढली.

दुपारी त्यांचे ओठ विलग होऊ लागले. ती खुर्ची ओढून जवळ बसली.

चारच्या सुमाराला "न" ऐकू आला.

"को" दिवे लावताना.